कलम ३० कुणासाठी?

मे महिना उतरणीला लागला की नगर-मनमाड रस्त्यावर फलकांचे पीक येते. राहुरी फॅक्टरीपासून कोल्हारच्या पुलापर्यंत आणि पूल ओलांडून बाभळेश्वर, राहात्यापर्यंत खांबाखांबावर टाय घातलेले गोबरे मूल हसत असते. खाली लिहिलेले असते, 'प्रवेश सुरू'. या गर्दीत अलीकडे आपल्या संस्थांचेही फलक दिसू लागले आहेत. त्यांवर संस्थेच्या नावाखाली तीन शब्द ठळक अक्षरांत असतात: अल्पसंख्याक दर्जा प्राप्त. हा लेख त्या तीन शब्दांविषयी आहे. हा दर्जा नेमका कुणाला प्राप्त झाला आणि ज्याला झाला त्याने त्याचे काय केले, एवढेच आम्ही विचारणार आहोत.

विचारणारे आम्ही, म्हणजे उर्दू माध्यमाच्या शाळांत शिकवणारे. बी.एड. होऊन वर्षे झाली, तिशी संपत आली, तरी ज्यांच्या नेमणुकीच्या कागदावर 'तात्पुरती' हा शब्द कायम आहे असे आमच्यात पुष्कळ आहेत. तुम्हाला बोलायचा अधिकार काय, असे संस्थाचालक म्हणतील. गळक्या छताखाली उभे राहून पोरांना शिकवणाऱ्यांना तो नसेल तर मग जलशाच्या मंचावर शाल पांघरून बसणाऱ्यांनाच आहे, असे समजायचे काय?

गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो. खासगी संस्था म्हणजे पाप, असे आमचे म्हणणे नाही. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली, ती खासगीच होती. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे गिरवले ते आमच्याच नगरला, मिस फरार यांच्या मिशनच्या शाळेत. तीही खासगी. सावित्रीबाई आजारपणामुळे नायगावला माहेरी असताना त्यांनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना पत्र लिहिले. आपल्यामागे सगळे काम फातिमावर पडले असेल, पण ती कुरकुर करायची नाही, असा विश्वास त्या पत्रात आहे. ज्या फातिमा शेख यांच्या नावाने आपण दरवर्षी कार्यक्रम करतो त्यांच्याविषयीचा हा अस्सल पुरावा. त्या शाळेला कसला दर्जा होता? पुढे १८७४ मध्ये मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सोबत्यांनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. १९०६ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंगला हात दिला. १९१९ मध्ये भाऊराव पाटलांनी काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली. या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. पैसा समाजाकडून निघायचा आणि पोरापर्यंत पोहोचायचा. आज तो पोराच्या बापाकडून निघतो आणि संस्थेच्या कार्यालयात मुक्कामाला राहतो. दिशा बदलली, नाव मात्र सेवेचेच राहिले.

आमचा प्रवराकाठ तर शिक्षणसंस्थांच्या बाबतीत महाराष्ट्राने पाहायला यावे असा. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांना सोबत घेऊन लोणीला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, १९५० च्या अखेरीस त्याचे गाळप सुरू झाले. उसाच्या मागोमाग शाळा आल्या. १९६४ मध्ये प्रवरेची शिक्षणसंस्था स्थापन झाली. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित महाविद्यालयांना दार उघडले आणि त्याच वर्षी लोणीत अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, पुढच्या वर्षी वैद्यकीय. कोल्हारहून हे सगळे सायकलच्या टप्प्यात. पण या संस्थांचा पाया ऊस होता, आणि आपल्यातल्या बहुतेकांकडे ऊस नव्हता. आपल्याकडे फळांची गाडी होती, गॅरेज होते, शिलाईचे मशीन होते, बांगड्यांची पेटी होती, मटणाचे दुकान होते. कारखान्याचा सभासद संस्थेला 'आमची' म्हणत आत जायचा. आपण फी भरून आत गेलो, म्हणजे गिऱ्हाईक म्हणून गेलो. यात कुणाचा कट शोधण्यात अर्थ नाही. ज्याच्याकडे भांडवल होते त्याने संस्था काढली, एवढाच त्याचा अर्थ. १९८७ मध्ये कॅपिटेशन फी घेण्याविरुद्ध राज्याला कायदा करावा लागला, यावरून पहिल्या चार-पाच वर्षांतच काय चालले होते ते कळते.

म्हणून आपली स्वतःची संस्था हवी, असे वाटणे रास्त होते. सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितले की देशातली सहा ते चौदा वयाची चारातली एक मुस्लिम मुले-मुली कधी शाळेत गेलेली नाहीत किंवा मधूनच गळालेली आहेत. त्या अहवालाने आपल्याकडच्या पुष्कळ सज्जनांची झोप उडाली. वर्गण्या झाल्या, जागा घेतल्या, संस्था नोंदल्या. २००८ मध्ये राज्यात अल्पसंख्याक विकास विभाग निघाला. दर्जाची प्रमाणपत्रे मिळू लागली. संविधानाचे कलम ३०, जे तोवर वकिलांना माहीत होते, ते जलशांतल्या भाषणांत आले.

कलम ३० म्हणजे काय? अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क. तो कशासाठी दिला? बहुसंख्याकांच्या संस्थेत ज्या पोराची भाषा, ज्या पोराचा पेहराव, ज्या पोराची गरिबी परकी ठरेल त्याला एक दार तरी आपले असावे म्हणून. म्हणजे हक्काचा मालक ते पोर. संस्थाचालक हा त्याचा विश्वस्त, मालमत्तेच्या भाषेत सांगायचे तर मुतवल्ली. वक्फची जमीन मुतवल्लीने स्वतःच्या नावावर करून घेतली तर आपण त्याला काय म्हणतो, ते वाचकांना सांगायला नको. १९५८ साली केरळच्या शिक्षण विधेयकावर मत देताना सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते की संस्था चालवण्याच्या हक्कात तिचा गैरकारभार करण्याचा हक्क येत नाही. २००२ च्या टी. एम. ए. पै निकालात अकरा न्यायमूर्तींनी आणि २००५ मध्ये पुण्याच्या पी. ए. इनामदार यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निकालात सात न्यायमूर्तींनी खासगी संस्थांना मोठी मोकळीक दिली, पण नफेखोरी आणि कॅपिटेशन फी चालणार नाही हेही सांगितले. जलशात या निकालांचा पहिला अर्धा भाग सांगितला जातो.

आता या दर्जामुळे संस्थेला कशाकशातून सूट मिळते ते पाहा.

इनामदार निकालानंतर घटनेत दुरुस्ती झाली आणि खासगी विनाअनुदानित संस्थांतही मागासांसाठी राखीव जागा ठेवण्याची मुभा सरकारला मिळाली. अल्पसंख्याक संस्था त्यातून वगळल्या गेल्या. शिक्षण हक्क कायद्याने २०१० पासून खासगी शाळांत दुर्बल घटकांसाठी २५ टक्के जागा मोफत केल्या. मे २०१४ मध्ये प्रमती निकालाने सगळ्या अल्पसंख्याक शाळा त्या कायद्याच्याच बाहेर गेल्या. शिक्षकभरतीसाठी २०१७ मध्ये पवित्र प्रणाली आली. आपल्या संस्थांना आपले शिक्षक आपण निवडायची मोकळीक राहिली. खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा कायदा आहे, त्यात मुख्याध्यापक नेमताना सेवाज्येष्ठता पाळण्याचे बंधनही अल्पसंख्याक संस्थेवर नाही.

प्रत्येक सवलतीचे एक चांगले कारण आहे, आणि ते आम्हाला मान्य आहे. उर्दू शाळेत उर्दूचा जाणकार नेमता यावा, संस्थेचे वळण जाणणारा माणूस प्रमुख व्हावा, यात वावगे काहीच नाही. पण व्यवहारात काय होते? ज्येष्ठतेचे बंधन नाही म्हणून अध्यक्षांचा मेहुणा मुख्याध्यापक होतो आणि वीस वर्षे शिकवलेला माणूस त्याच्या हाताखाली हजेरीपट भरतो. निवडीची मोकळीक आहे म्हणून मान्यता मिळालेल्या पदाचा भाव ठरतो, आणि तो भाव देण्यासाठी गावाकडचा अर्धा एकर विकला जातो. पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेली तांबोळ्याची मुलगी घरी बसते. दर्जा तिच्यामुळे मिळाला होता. संस्थेच्या अर्जात 'समाजातील मागासलेपण' म्हणून जे लिहिले होते ते तिचेच मागासलेपण होते.

मोफत जागांचे तर विचारूच नका. कोल्हारच्या बाजारात हमाली करणाऱ्या, वर्षाला लाखाच्या आत कमावणाऱ्या बापाचे पोर सोडतीत नंबर लागला तर दुसऱ्यांच्या इंग्रजी शाळेत कायद्याने फुकट शिकू शकते. आपल्या दर्जाप्राप्त इंग्रजी शाळेत शिकू शकत नाही. तिथे त्याला पूर्ण फी, गणवेश त्याच दुकानातून, वह्या त्याच कपाटातून. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य शासनाने सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळांना या मोफत जागांतून सूट देऊ केली. पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या आणि जुलैत उच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली. पेपरात ही बातमी वाचताना आमच्या मनात आले, बाकीच्यांच्या शाळांना जी सूट पाच महिनेही पचली नाही ती आपल्या शाळांना दहा वर्षे होती, आणि कुणी एक अर्जही केला नव्हता. आपले संस्थाचालक म्हणतील की कायद्याचे बंधन नाही. नसेना का! कायद्याने बंधन नाही म्हणून २५ पोरे फुकट घ्यायला कुणी बंदी घातली आहे काय? जकातीच्या महिन्यात गरीब विद्यार्थ्यांच्या नावाने चंद्याच्या पावत्या फाडता तेव्हा तर त्या गरीब विद्यार्थ्यांची यादी तोंडपाठ असते.

कायद्याचे बंधन येणारच नाही असेही नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षकांना पात्रता परीक्षा बंधनकारक ठरवली. त्या प्रकरणाला अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट या आपल्याच महाराष्ट्रातल्या संस्थेचे नाव आहे. अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून सरसकट बाहेर ठेवणे बरोबर होते काय, याविषयी न्यायमूर्तींनी त्या निकालात शंका घेतली आणि तो प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला. यावर आपल्याकडे जी घबराट उडाली ती पाहण्यासारखी होती. कौमवर संकट आले म्हणून सभा झाल्या. आम्हाला त्या सभांत बोलावून पुढच्या रांगेत बसवले. ज्यांना पगाराच्या तारखेला कार्यालयाबाहेर उभे केले जाते त्यांना त्या दिवशी खुर्ची मिळाली. पात्रता परीक्षेची भीती आम्हाला नाही असे नाही, चाळिशीकडे झुकलेल्या माणसाला पुन्हा परीक्षा म्हणजे छातीत धडधड होतेच. पण एक सांगतो, ज्याने नोकरी परीक्षेवर मिळवली त्याला परीक्षेचे जितके भय वाटते त्याच्या दहापट त्याला वाटते ज्याने ती विकली.

पगाराचे बोलणे आम्हाला अवघड जाते. उस्तादाने पैशाविषयी बोलू नये असे संस्कार आहेत, आणि त्या संस्कारांचा फायदा घेतला जातो हेही खरे. २०१२ मध्ये राज्याने शिक्षकभरती थांबवली तेव्हा आमच्या पिढीच्या हातात नुकत्या पदव्या पडल्या होत्या. सरकारी दार बंद, म्हणून आम्ही विनाअनुदानिताच्या दारात उभे राहिलो. 'कायम विनाअनुदानित'मधला कायम हा शब्द शासनाने २००९ मध्ये काढला होता. त्यामुळे आज ना उद्या अनुदान येईल, तेव्हा तुम्हीच पहिले, या वचनावर माणसे दहा-दहा वर्षे राबली. शिक्षण सेवकाचे मानधन २०२३ मध्ये प्राथमिकला १६ हजार झाले. तेही फार नाही, पण विनाअनुदानितात तेवढे मिळते असे सांगणारा शिक्षक आम्हाला भेटलेला नाही. कागदावर एक आकडा, सही त्या आकड्यावर, हातात दुसरा. काही ठिकाणी तर पगार बँकेत जमा होतो आणि आठवड्याच्या आत त्यातला हिस्सा रोखीने परत मागितला जातो. कांद्याच्या गोण्या भरणाऱ्या मजुराचा हिशेब रोज संध्याकाळी चुकता होतो. आमचा 'इन्शाअल्लाह पुढच्या महिन्यात'.

शाळेच्या वार्षिक जलशात बद्रच्या कैद्यांची गोष्ट हमखास सांगितली जाते. ज्या कैद्यांकडे खंडणी द्यायला पैसे नव्हते त्यांनी मदिन्याच्या दहा-दहा मुलांना लिहायला शिकवावे आणि सुटून जावे, असा करार झाल्याचे सीरतच्या पुस्तकांत आहे. वक्ते त्यातून इस्लाममधले विद्येचे महत्त्व सांगतात. तो अर्थ आहेच. पण शिकवण्याच्या श्रमाची किंमत त्या काळी एका माणसाच्या स्वातंत्र्याएवढी धरली, हा अर्थ कुणी सांगत नाही. शत्रूच्या कैद्याचीही मजुरी बुडवली नव्हती.

आणि या सगळ्याच्या शेवटी पोराला काय मिळते? उर्दू माध्यमाबद्दल आम्हाला आस्था आहे, ती आमची भाकरी आहे आणि जीभही. गावागावांतल्या जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळा सातवी-आठवीपर्यंत पोराला नेतात. पुढे माध्यमिक शाळेसाठी श्रीरामपूर नाहीतर नगर. मुलींच्या बाबतीत तर गावाबाहेर म्हटले की घरातली चर्चा तिथेच संपते. (जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले, आमच्या जिभेवर अजून नगरच आहे.) ही पोकळी भरायला आपल्या संस्था पुढे यायला हव्या होत्या. त्या आल्या कुठे? तर जिथे रस्ता आहे, जिथे बस फिरते, जिथे फी निघते तिथे, आणि त्याही बहुतेक इंग्रजी माध्यमाच्या. उर्दू आठवड्यातून दोन तासांची. मराठीचे हाल तर सांगवत नाहीत. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. पण ती शिकवणार कोण? ज्याचा तास रिकामा तो. मग दहावीला ८० टक्के मिळवलेला मुलगा लोणीला अकरावीत जाऊन मागच्या बाकावर गप्प बसतो, तलाठ्याच्या कार्यालयात अर्ज लिहायला दुसऱ्याला चहा पाजतो आणि सहा महिन्यांनी मामाच्या गॅरेजात दिसतो. त्याला इंग्रजी आली नाही, मराठी आली नाही, उर्दूही अर्धीच राहिली. आम्ही त्याला दोष देत नाही. पालकांनाही देत नाही. फलकावरच्या टायमागे धावणारे अम्मी-अब्बा आपल्या पोटाला चिमटा काढून फी भरतात. २००८ मध्ये सुरू झालेली मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २०२२ मध्ये पहिली ते आठवीसाठी बंद झाली, तेव्हा तो छोटासा आधारही गेला. पण शिष्यवृत्ती बंद झाली म्हणून फी कमी केली, अशी आपल्यातली एक तरी संस्था कुणी दाखवावी. आम्ही तिचे नाव घेऊन लेख लिहू.

हे मराठीत कशाला लिहिता, असा प्रश्न आम्हाला आधीच विचारून झाला आहे. उर्दूत लिहा, घरातले घरात राहील. मराठीत लिहिले की दुसरे वाचतील, हसतील आणि आपले दर्जे काढून घ्या म्हणणाऱ्यांच्या हातात कोलीत मिळेल. ही भीती खोटी नाही. तसे म्हणणारे लोक आहेत, त्यांना आपल्या पोरांच्या शिक्षणाची काळजी नाही हेही आम्ही जाणतो. पण आज आपल्या शाळांविरुद्धचा सगळ्यात भक्कम पुरावा कुणी तयार केला आहे? आमच्या लेखाने नव्हे, खोट्या हजेरीपटांनी आणि कोऱ्या पगारपत्रकांनी केला आहे. आणि खरे सांगायचे तर ज्या पालकांपर्यंत हे पोहोचायला हवे त्यांच्यातले कितीतरी आता मराठीच वाचतात. उर्दू त्यांच्या घरात बोलली जाते, वाचली जात नाही. तेही आपल्या शाळांचेच कर्तृत्व.

प्रामाणिक संस्था नाहीत काय? आहेत. पत्र्याच्या दोन खोल्यांत चालणाऱ्या, अध्यक्षाने स्वतःच्या दुकानातून पगार भागवलेल्या संस्था आम्ही पाहिल्या आहेत. त्यांच्याकडे हिशेब मागितला तर ते वही पुढे करतात आणि वर चहा विचारतात. हिशेबाचे नाव काढताच ज्यांना कौमची इज्जत आठवते, आमचे भांडण त्यांच्याशी आहे.

तेव्हा मागणी हिशेबाची. दर्जा कायम राहो, कलम ३० ला धक्का लागू नये, त्यासाठी वेळ पडली तर आम्हीही रस्त्यावर येऊ. पण दर्जाचे प्रमाणपत्र भिंतीवर लावता, त्याच्या शेजारी आणखी एक कागद लावा. वर्षभरात फी किती आली, चंदा व जकात किती आली, अल्पसंख्याक विभागाचे पाण्याच्या टाकीसाठी, स्वच्छतागृहासाठी आलेले अनुदान किती होते आणि ती टाकी कुठे आहे, शिक्षकांना प्रत्यक्ष किती दिले, किती पोरे बिनफीची शिकतात. एका पानात बसते. मोहल्ल्यातल्या मस्जिदीत जुम्याच्या चंद्याचा आकडा फळ्यावर लिहिला जातो, तेवढेच शाळेने करावे.

आणि नाही केले तर पालकांनी करून घ्यावे. या बहुतेक संस्था १८६० च्या आणि १९५० च्या कायद्यांखाली नोंदलेल्या सार्वजनिक न्यास आहेत, कुणाच्या खासगी मालमत्ता नाहीत. दरवर्षी लेखापरीक्षण करून घेऊन हिशेब सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयात द्यावा लागतो. ते कार्यालय नगरला आहे, कोल्हारहून एसटीने सकाळी निघालेला माणूस काम करून संध्याकाळी घरी येतो, रस्त्यातले खड्डे धरून. न्यासाची कागदपत्रे पाहायला आणि नकला मागायला तिथे साधा अर्ज करता येतो. अर्जावर संस्थेचा नोंदणी क्रमांक लागतो. तो फीच्या पावतीवर वरच्या बाजूला छापलेला असायला हवा. नसेल, किंवा पावतीच मिळाली नसेल, तर जूनच्या पहिल्या हप्त्याला आधी ती मागा.